कसलेला उद्योजक कोणास म्हणावें ?

आपल्या नागपूर-वऱ्हाडच्या काळ्या जमिनींत कापूस पिकतो, आणि बाजाराच्या आवारांत गाडी रिकामी झाली म्हणजे त्याच्याशीं आपला संबंध संपतो. पुढें त्याची रुई व सरकी वेगळी होते, सरकीचें तेल व ढेप होते, रुईचें सूत व सुताचें कापड होतें. पण या प्रत्येक पायरीवरील नफा दुसऱ्याच्या पदरीं पडतो. तुरीचें तेंच आणि संत्र्याचेंही तेंच. हें शल्य पुष्कळ शेतकऱ्यांच्या मनांत असतें. म्हणून हातांत चार पैसे खेळूं लागले, अथवा घरांतला मुलगा शिकून परत आला, कीं दाळ मिल, तेलघाणी, जिनिंग किंवा संत्र्याच्या रसाचा कारखाना असा कांहीं तरी उद्योग काढावा, असा विचार सुरू होतो. विचार चांगला आहे. परंतु त्याच्या पाठोपाठ सात-बाराचा उतारा बँकेच्या किंवा सावकाराच्या हातीं जातो, आणि जमीन गहाणांतून सोडवितां सोडवितां पुष्कळदां एक पिढी खर्ची पडते. यासाठीं उद्योग काढण्याच्या आधीं उद्योगांत मुरलेला माणूस विचार कसा करतो, हें समजून घेणें अगत्याचें आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढाच आहे.

सर्वसाधारण समजूत अशी आहे कीं, यशस्वी उद्योजक जन्मतःच धाडसी असतो, दैव त्याला अनुकूल असतें, आणि पुढें बाजारांत काय होणार हें त्याला इतरांच्या आधीं दिसतें. या तीन गोष्टी खऱ्या असतील तर आपणांस त्याच्यापासून शिकण्यासारखें कांहींच उरत नाहीं. कारण धाडस, दैव व भविष्यज्ञान यांची शाळा कोठेंही निघालेली नाहीं. सुदैवानें त्या खऱ्या नाहींत. निदान पूर्णपणें खऱ्या नाहींत.

मूळच्या भारतीय असलेल्या विदुषी सरस सरस्वती यांनीं १९९७ च्या सुमारास अमेरिकेंत या प्रश्नाचा पद्धतशीर शोध घेतला. त्यांचे मार्गदर्शक हर्बर्ट सायमन यांना १९७८ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें. माणूस निर्णय कसा घेतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. सरस्वतीबाईंनीं स्वतः कंपन्या स्थापन करून दीर्घकाळ चालविलेले, यश आणि अपयश अशीं दोन्ही फळें चाखलेले २७ उद्योजक गाठले. प्रत्येकापुढें त्यांनीं एकाच काल्पनिक मालाचा धंदा उभारण्याचा प्रश्न ठेविला, जें मनांत येईल तें मोठ्यानें बोलत विचार करण्यास सांगितलें, आणि तें सारें टिपून घेतलें. या शोधावरील त्यांचा निबंध २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याचें सार आपल्या भाषेंत सांगावयाचें तर असें: कसलेला उद्योजक बहुधा आधीं ध्येय पक्कें करून मग साधनें गोळा करीत नाहीं. तो आधीं हाताशीं काय आहे तें पाहतो आणि त्यांतून काय काय होऊं शकेल याचा विचार करतो. उद्यांचा बाजार ओळखण्यावर त्याची भिस्त नसते. आज जें आपल्या ताब्यांत आहे त्यावर असते.

शेतकऱ्यास ही गोष्ट नवी वाटूं नये. एक जण शेजाऱ्याची बाग पाहून पांच एकरांत संत्र्याचीं कलमें लावतो, आणि मग पाण्यासाठीं विहिरीमागून विहीर खणीत सुटतो. दुसरा ऐन वैशाखांत विहिरींत दोर सोडून पाणी किती हात राहतें तें मोजतो, आणि तेवढ्या पाण्यावर जगतील तितक्याच झाडांचे खड्डे घेतो. पहिला ध्येयापासून निघाला, दुसरा साधनांपासून. पहिल्याची बाग एखादे वर्षीं अधिक डौलदार दिसेल. पण पाऊस दगा देईल त्या वर्षीं कोणाचीं झाडें उभीं राहतील, हें सांगावयास नको.

या विचारपद्धतीचें उदाहरण शोधण्यास आपणांस नागपूरच्या वेशीबाहेर जावें लागत नाहीं. जमशेटजी नसरवानजी टाटा यांनीं येथें उभारलेली गिरणी १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली. त्याच दिवशीं व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, म्हणून गिरणीस एम्प्रेस मिल हें नांव मिळालें. त्या काळीं कापडाची गिरणी म्हटली कीं ती मुंबईंत, असा सर्वांचा ग्रह होता. मग मुंबईचा हा व्यापारी नागपुरास कां आला ?

त्याच्याजवळ त्या वेळीं काय होतें, तें आधीं पाहूं. वडिलांच्या पेढीवर त्याला कापसाच्या व्यापाराचें शिक्षण मिळालें होतें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें आपल्याकडील कापसाचे भाव आकाशास भिडले आणि १८६५ सालीं युद्ध संपतांच कोसळले. त्या पडझडींत टाटांच्या घराण्यास जबर ठोकर बसली, आणि लंडनांत असलेल्या तरुण जमशेटजींस सावकारांना तोंड द्यावें लागलें. १८६९ सालीं त्यांनीं चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेतली, तिची सुताची गिरणी केली, आणि दोन वर्षांनीं ती नफ्यानें विकून टाकली. नंतर इंग्लंडांत जाऊन लँकेशायरच्या गिरण्या स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्या. म्हणजे १८७४ सालीं १५ लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली तेव्हां त्यांच्यापाशीं कापसाची पारख, एका लहान गिरणीचा अनुभव, एका मोठ्या नुकसानीची आठवण, आणि शब्दावर विश्वास ठेवून भाग घेणारीं माणसें, एवढी शिदोरी होती. भविष्यकथन त्यांत कोठेंही नव्हतें.

या शिदोरीच्या जोरावर त्यांनीं गिरण्या कोठें आहेत हें पाहिलें नाहीं. कापूस कोठें पिकतो हें पाहिलें. नागपूरच्या भोंवतीं कापूस होता, १८६७ पासून आगगाडी होती, आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. जागा मिळाली ती दलदलीची. ती भरून काढण्यासाठीं मातीच्या राशी ओततांना पाहून येथील एका सावकारानें भांडवल देण्याचें नाकारलें, आणि हा गृहस्थ सोनें जमिनींत पुरीत आहे असें म्हटलें. पुढें त्यानेंच, टाटांनीं माती घातली आणि सोनें काढलें, अशी कबुली दिली, असें चरित्रकार सांगतात.

परंतु या गोष्टीवरून टाटांस सर्व कांहीं आधींच कळत होतें असें कोणीं समजूं नये. आरंभीं त्यांनीं स्वस्तांतलीं यंत्रें घेतलीं, आणि सूत हलकें निघूं लागलें. तेव्हां यंत्रांचा कैवार न घेतां त्यांनीं तीं बदललीं. व्यवस्थापक म्हणून नेमलेले बेझनजी दादाभाई हे रेल्वेच्या मालखात्यांतले गृहस्थ. गिरणीचें काम त्यांस ठाऊक नव्हतें, पण माणसें व माल हालविण्याची हातोटी होती, आणि तीच उपयोगी पडली. कातण्याची रिंग फ्रेम हें नवें साधन लँकेशायरनें अजून मनावर घेतलें नव्हतें. टाटांनीं तें आधीं थोड्या प्रमाणावर येथें चालवून पाहिलें, आणि गुण आल्यावरच त्याचा प्रसार केला. नागपूरच्या मजुरांस गिरणीच्या घंटेची संवय नव्हती, गैरहजेरी फार. दंडाचा बडगा उगारणें सोपें होतें. टाटांनीं नियमित येणाऱ्यांस बक्षिसें ठेविलीं, १८८६ सालीं निवृत्तिवेतनाचा निधि काढला, आणि १८९५ सालीं अपघाताची भरपाई सुरू केली. प्रत्येक ठिकाणीं रीत एकच दिसते: अडचण आली कीं ती कोणाच्या माथीं मारावयाची नाहीं, तींतून पुढचें काम काढावयाचें.

त्याच टाटांनीं १८८६ सालीं कुर्ल्याची धरमसी मिल घेतली. किंमत स्वस्त म्हणून घेतली. पण यंत्रें इतकीं मोडकळीस आलेलीं कीं, तिच्यापायीं त्यांची पत धोक्यांत आली. शेवटीं नागपूरची कसलेलीं माणसें तेथें नेऊन ती सावरावी लागली, आणि पुढें ती स्वदेशी मिल म्हणून नांवारूपास आली. अनुभवी माणूसही चुकतो, हें या प्रकरणावरून दिसतें. मात्र त्याच्या मागें एक उभी, कमावती गिरणी होती. म्हणून ती चूक त्यास झेपली. नवशिक्यानें पहिल्याच पावलास तशी उडी घेतली असती तर तो पुन्हां दिसला नसता.

येथें झेपणाऱ्या नुकसानीचा मुद्दा येतो, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनें तोच सर्वांत मोलाचा आहे. धंद्याचा आराखडा घेऊन येणारा माणूस आपणांस नेहमीं नफा किती होईल हें सांगतो. कसलेला उद्योजक आधीं विचारतो, सर्व गेलें तर किती जाईल, आणि तेवढें गेल्यावर मी उभा राहीन काय ? नफ्याचा आंकडा बाजाराच्या हातीं असतो. नुकसानीची मर्यादा मात्र आपण आखूं शकतों.

समजा, एका कुटुंबास घरखर्च, बीबियाणें, मुलांचें शिक्षण व जुन्या कर्जाचा हप्ता जाऊन वर्षास ६०,००० रुपये उरतात, आणि दोन वर्षांची अशी १,२०,००० रुपये शिल्लक आहे. दाळ मिलचा आराखडा २० लाखांचा आहे; त्यांतले १५ लाख जमीन गहाण ठेवून उभारावयाचे, बाकीचे सोयऱ्याधायऱ्यांकडून. कागदावर तीन वर्षांत कर्ज फिटतें. परंतु तुरीचा भाव एका हंगामांत उलटला, किंवा व्यापाऱ्यानें उधारी थकविली, तर पुढच्या मृगाला पेरणी कोणाच्या शेतांत करावयाची ? याच माणसास दुसरी वाट मोकळी आहे. त्यानें घरची दहा क्विंटल तूर जवळच्या मिलमध्यें मजुरी देऊन भरडून घ्यावी, स्वच्छ पिशव्यांत भरावी, आणि शहरांतील ओळखीच्या पन्नास घरीं स्वतः नेऊन विकावी. गिऱ्हाईक पॉलिशची दाळ मागतें कीं बिनपॉलिशची, एका वेळीं किती घेतें, रोख देतें कीं महिन्यानें, दुसऱ्यांदा बोलावतें कीं नाहीं, हें सारें त्यास एका हंगामांत कळेल. सर्व फसलें तरी गेली ती दहा क्विंटल तूर व थोडी मजुरी. जमीन जागेवर राहील. साधलें तर पुढच्या वर्षीं तीस क्विंटल करावी. मिल केव्हां घालावी हें मग गिऱ्हाईकच सांगेल.

आतां दुसरें उदाहरण पाहूं. तें तर शेतीच्या अवजारांचेंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे मुंबईस व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक होते. हक्काची बढती डावलली गेली तेव्हां त्यांनीं नोकरी सोडली व बेळगांवीं बंधु रामूअण्णा यांच्यासह सायकलींचें दुकान चालविलें. त्यांच्यापाशीं भांडवल नव्हतें; यंत्रांची आवड, चित्रकलेनें तयार झालेली नजर, आणि हातांत कौशल्य होतें. भोंवतालीं शेतकरी होते, म्हणून त्यांनीं कडबा कापण्याचें यंत्र व लोखंडी नांगर केला. लोखंडानें जमीन विषारी होते अशी त्या वेळीं समजूत असल्यामुळें पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. पुढें बेळगांवची जागा नगरपालिकेच्या योजनेसाठीं सोडण्याची पाळी आली.

दुसरा कोणी येथें खचला असता. परंतु लक्ष्मणरावांनीं पूर्वीं औंध संस्थानांत एक बांधकाम करून दिलें होतें आणि तेथील अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांची ओळख जोडलेली होती. त्यांनीं कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर उजाड, निवडुंगानें भरलेली जमीन व १०,००० रुपये कर्ज दिलें. १९१० सालीं सोबतचे कामगार व त्यांचीं कुटुंबें घेऊन लक्ष्मणराव त्या माळावर गेले, आणि किर्लोस्करवाडी वसली. नांगरामागून उसाचे चरक, भुईमूग फोडण्याचीं यंत्रें, पाण्याचे पंप असा पसारा वाढत गेला. बेळगांवची जागा सुटली नसती तर ही वाडी झाली नसती. संकट तेंच; पण त्याच्या आधीं जोडलेल्या माणसांमुळें त्याचें बीज झालें.

माणसें जोडणें म्हणजे ओळखी वाढविणें नव्हे. जो आपल्या पदरचें कांहीं घालतो, मग तो पैसा असो, माल असो, श्रम असोत कीं जागा असो, तोच खरा भागीदार. तोंडानें वाखाणणाऱ्या शंभर जणांपेक्षां भागाचे पैसे आणून देणारा एक जण अधिक सांगून जातो. धंदा चालेल कीं नाहीं याची ती खरी कसोटी. अहमदनगर जिल्ह्यांत विठ्ठलराव विखे पाटील यांनीं अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्यानें प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभारला तो याच कसोटीवर. ऊस पिकविणारा शेतकरीच भागधारक. म्हणून कारखान्याचा माल, भांडवल आणि मालक एकाच शिवारांतून आले, आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झालें. आज ही वाट आणखी सोपी आहे. कंपनी कायद्यांत २००२ सालीं झालेल्या दुरुस्तीनें किमान १० उत्पादक शेतकऱ्यांस एकत्र येऊन स्वतःची उत्पादक कंपनी काढतां येते.

येथें एक आक्षेप प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. ज्यांचीं नांवें मागें राहिलीं त्यांचींच चरित्रें आपण वाचतों. याच रीतीनें चालून बुडालेल्यांचीं चरित्रें कोणी लिहीत नाहीं. आक्षेप खरा आहे. ही पद्धत यशाची हमी देत नाहीं. ती एवढेंच करते कीं, अपयश लहान राहतें आणि माणूस पुन्हां उभा राहूं शकतो. दुसरेंही एक ध्यानांत ठेवावें. साखर कारखान्यासारखें काम दहा क्विंटलांवर करून पाहतां येत नाहीं. तेथें पाणी, ऊस व भांडवल यांचा आगाऊ हिशेब केलाच पाहिजे. धंदा स्थिर झाल्यावरही अंदाजपत्रक, चोख हिशेब व शिस्त यांवांचून चालत नाहीं. साधनांपासून निघणें ही आरंभाची विद्या आहे; तिच्या नांवाखालीं वहीखात्याचा कंटाळा लपवूं नये. शिवाय कोणताही उद्योग अमर नसतो. एम्प्रेस मिल १९८६ सालीं राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ सालीं बंद पडली. तिच्या जागेवर आज बाजारसंकुल उभें आहे. सव्वाशे वर्षें तिनें हजारों घरांच्या चुली पेटत्या ठेविल्या, हेंही खोटें नाहीं.

तेव्हां उद्योगाचा विचार करणाऱ्या बंधूनें आराखडा करण्याच्या आधीं एका कागदावर पांच प्रश्नांचीं उत्तरें लिहावीं. माझ्यापाशीं आज काय आहे: कोणतें पीक, कोणतें कौशल्य, घरांतलें कोण काय जाणतें ? मला कोण ओळखतें, व माझ्या शब्दावर कोण माल देईल किंवा घेईल ? जमिनीस व पुढच्या पेरणीस हात न लावतां मी किती गमावूं शकतों ? स्वतःच्या पदरचें घालून कोण माझ्याबरोबर येतो ? आणि अडचण आली तर तिचा दुसरा कोणता उपयोग होईल ? हीं उत्तरें लिहितांना घरांतील कर्त्या स्त्रियांस जवळ बसवावें. शिलकीचा खरा आंकडा बहुधा त्यांसच ठाऊक असतो.

यांतील एकही गोष्ट शेतकऱ्यास परकी नाहीं. पऱ्हाटींत तुरीची ओळ धरणारा, पाऊस लांबला तर दुबार पेरणीपुरतें बी राखून ठेवणारा, शेजाऱ्याशीं बैलजोडीचा सावड करणारा शेतकरी हीच विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आला आहे. बांधाच्या आंत तो कसलेला उद्योजकच आहे. चूक होते ती बांध ओलांडतांना. तेव्हां तो आपली विद्या घरीं ठेवतो आणि दुसऱ्याच्या आंकड्यांवर विश्वास टाकतो. ती विद्या बरोबर घेऊन तो बाजारांत उतरेल, तर जमीन गहाण न पडतां कापसाच्या, तुरीच्या व संत्र्याच्या पुढच्या पायऱ्या एक एक करून त्याच्या पायांखालीं येतील.